चांदीचे काही रुपये मोजकेच का पाडले गेले? १९२२ आणि १९३९ च्या रुपयांच्या निमित्ताने

नाणेघाट (धागाकर्ता)

मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले दोन रुपये समोर ठेवून ही चर्चा सुरू करतो. पहिला पंचम जॉर्जचा, १९२२ सालचा, आणि दुसरा सहाव्या जॉर्जचा, १९३९ सालचा. दोन्हींचे वजन एकच, म्हणजे १८० ग्रेन (सुमारे ११.६६ ग्रॅम), आणि कसही एकच, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. नाण्यांच्या सूच्यांमध्ये १९२२ च्या रुपयाची संख्या सुमारे २० लाख ५१ हजार आणि १९३९ च्या रुपयाची सुमारे २४ लाख ५० हजार दिलेली असते. या आकड्यांवर विसंबायचे तर १९२२ चा रुपया अधिक दुर्मीळ ठरायला हवा. बाजारातले चित्र मात्र नेमके उलटे आहे. १९२२ चा रुपया थोडी खटपट केली की मिळतो. १९३९ चा अस्सल रुपया वर्षानुवर्षे शोधूनही अनेकांच्या हाती लागत नाही, आणि लागलाच तर किंमत ऐकून सामान्य संग्राहक मागे फिरतो.

'कमी पाडला म्हणून दुर्मीळ' हे उत्तर आपण फार सहज देतो, पण ते अर्धेच उत्तर आहे असे माझे ठाम मत आहे. टांकसाळीतून किती नाणी बाहेर पडली, त्यांतली किती सरकारी खजिन्यातून लोकांच्या हाती गेली आणि पुढे किती वितळवली गेली, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही सालच्या रुपयाचा हिशेब लागत नाही.

प्रथम टांकसाळीकडे वळू. १८३५ च्या कायद्याने ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशासाठी एकाच वजनाचा आणि कसाचा रुपया ठरला. त्यानंतर बराच काळ किती रुपये पाडायचे हे सरकार ठरवत नव्हते. चांदी घेऊन येणाऱ्या कोणालाही पाडणावळ भरून तिचे रुपये करून मिळत असत. त्यामुळे त्या काळातली संख्या व्यापाराच्या भरती-ओहोटीप्रमाणे बदलते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडच्या कापसाच्या मोबदल्यात मुंबई बंदरात चांदीचा ओघ लागला. ती चांदी मुंबईच्या टांकसाळीत जाऊन रुपया होऊनच बाहेर पडली.

ही मोकळीक २६ जून १८९३ रोजी संपली. जर्मनीसारख्या देशांनी सोन्याचे चलन स्वीकारल्यापासून जगात चांदीचा भाव सतत घसरत होता. लंडनमध्ये १८७० च्या आसपास औंसाला सुमारे ६० पेन्स असलेली चांदी १८९३ पर्यंत ३८ पेन्सच्या आसपास आली आणि तिच्याबरोबर रुपयाचा दरही उतरला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरवर्षी पौंडांत मोठी देणी चुकवावी लागत असल्यामुळे हा तोटा असह्य झाला आणि चलनाच्या या प्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या. रुपयाची टंचाई निर्माण करून त्याचा दर १ शिलिंग ४ पेन्सपर्यंत चढवायचा, हा त्यामागचा उघड हेतू होता. म्हणून १८९३ नंतरच्या काही वर्षांत रुपये फार थोडे पाडले गेले आणि जे पाडले त्यांतही झिजलेल्या नाण्यांची, तसेच भोपाळ व काश्मीरसारख्या संस्थानांनी मोडीत काढलेल्या रुपयांची चांदी होती. १९०० पासून सरकारने स्वतःच्या हिशेबावर पुन्हा मोठ्या प्रमाणावर रुपये पाडायला घेतले. कमी पाडणे हेच धोरण असल्याचे आपल्या चलनाच्या इतिहासातले इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

१९२२ आणि १९३९ ची कारणे वेगळी आहेत. पहिल्या महायुद्धात रुपयाची मागणी इतकी वाढली की एकट्या १९१८ सालचे रुपये ४० कोटींहून अधिक आहेत. युद्ध संपले, व्यापार मंदावला, रुपये खजिन्यात परत येऊ लागले आणि नवे पाडण्याची गरज उरली नाही. १९२१ चा आकडा सुमारे ५१ लाखांवर आला, १९२२ चा त्याहून निम्म्याखाली गेला आणि त्यानंतर थेट १९३६ पर्यंत चलनी रुपयावर नवे साल उमटलेच नाही. १९३९ च्या बाबतीत मात्र रुपया पाडून होतो न होतो तोच कस उतरवण्याचा निर्णय आला. १९४० सालात रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली आणि जुन्या कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने परत घेतले गेले. १९२२ च्या रुपयाला लोकांत फिरायला, पेटीत आणि हंड्यात जायला अठरा वर्षे मिळाली. १९३९ च्या रुपयाला तेवढा अवधीच मिळाला नाही. माझ्या मते दोन नाण्यांतला फरक इथे आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

कृष्णाकाठ

लेख फार आवडला. आमच्या घरी आजीच्या काळापासून जपलेल्या बंद्या रुपयांत व्हिक्टोरिया राणीचे १८६२ सालचे रुपये सर्वांत जास्त आहेत. १८६३ ते १८७३ या सालांचा मात्र एकही रुपया नाही. आपण लिहिल्याप्रमाणे संख्या व्यापारावर अवलंबून असेल, तर १८६२ साली भरमसाट रुपये पाडले आणि पुढची अकरा वर्षे टांकसाळ रिकामी राहिली असे समजायचे का? कापसाची तेजी तर १८६५ पर्यंत होती.

नाणेघाट

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न अगदी मोलाचा आहे, कारण नाण्यावरचे साल आणि ते पाडल्याचे साल या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात, हे त्यातून पुढे येते. चौथ्या विल्यमच्या रुपयांवर १८३५ हेच साल कायम राहिले. व्हिक्टोरियाच्या पहिल्या रुपयांवर १८४० हे साल १८६१ पर्यंत चालू होते; राणीच्या नावाची मांडणी मधल्या काळात बदलली, साल बदलले नाही. तसेच १८६२ हे साल १८७४ पर्यंत चालले. म्हणून १८६३ ते १८७३ या सालांचे चलनी रुपये तुम्हाला कुठेच सापडणार नाहीत. कापसाच्या तेजीतली चांदी याच १८६२ च्या रुपयांत आहे.

मुंबईच्या १८६२ च्या रुपयांवर सालाच्या आसपास बारीक ठिपके आढळतात. त्यांची संख्या आणि जागा बदलत जाते, आणि ते नाणे प्रत्यक्ष कोणत्या वर्षी पाडले ते या ठिपक्यांवरून कळते असे अभ्यासक मानतात. तुमच्याकडचे रुपये भिंगाखाली एकेक करून पाहा. साल एकच असले तरी ठिपक्यांचा एखादा विशिष्ट प्रकार दुर्मीळ असू शकतो आणि तो दुर्मीळपणा कोणत्याही सूचीतल्या सालनिहाय आकड्यात दिसत नाही. फक्त एक विनंती आहे: ते रुपये चिंचेने किंवा राखेने घासू नका. वर्षानुवर्षे चढलेला काळसर मळ हा त्या नाण्याच्या वयाचा भाग असतो, आणि घासल्याने बारीक ठिपके आधी जातात.

मुशाफिर

धागाकर्त्यांनी १९११ चा रुपया वगळला आहे, तो इथे यायलाच हवा. पंचम जॉर्जच्या पहिल्या वर्षाचे रुपये कलकत्त्यात सुमारे ४३ लाख आणि मुंबईत सुमारे ५१ लाख, असे एकूण ९४ लाखांच्या घरात पाडले गेले. बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराने राजाची जी प्रतिमा घडवली होती तिच्या झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या मानचिन्हाची माळ होती आणि त्या माळेत एक हत्ती होता. ठशात तो इतका लहान आणि आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या अंगावर डुक्कर कोरला आहे अशी बोलवा उठली, मुसलमान समाजात नाराजी पसरली आणि सरकारने ती नाणी थांबवली. बाहेर गेलेले रुपये सुमारे सात लाख होते असे सांगितले जाते. उरलेले पुन्हा मुशीत गेले. १९१२ च्या ठशात हत्तीची सोंड लांब आणि कान मोठे केलेले स्पष्ट दिसतात. संग्राहक १९११ च्या नाण्यांना आजही 'डुक्करछाप' म्हणतात, आणि केवळ रुपयाच नव्हे तर त्या सालच्या अधेल्या (आठ आणे), पावल्या (चार आणे) व चांदीच्या दोन आण्यांवरही तोच हत्ती आहे.

हे उदाहरण धाग्याच्या मूळ प्रश्नाला थोडे छेद देते असे मला वाटते. १९११ चा रुपया कमी पाडला गेला नाही, पाडून झाल्यावर कमी केला गेला. शीर्षकातला 'मोजकेच पाडले' हा शब्दप्रयोग त्याला लागू पडत नाही.

नाणेघाट

मुशाफिर, छेद नव्हे, मी तर त्याला पुरावाच म्हणेन. ९४ लाख पाडले आणि सात लाख लोकांपर्यंत गेले, ही तफावत ज्याला ठाऊक नाही तो सूचीतला आकडा पाहून १९११ च्या रुपयाला सामान्य समजेल. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बाहेर गेलेले सात लाख रुपये गाजावाजामुळे मुद्दाम राखून ठेवले गेले आणि म्हणून चांगल्या स्थितीतला १९११ चा रुपया आजही पैसे मोजणाऱ्याला मिळतो. १९३९ च्या रुपयाकडे त्या वेळी कोणी मुद्दाम लक्ष दिले नाही.

अबोली

बँकेत नोकरी करत असताना चलनाच्या इतिहासाची गोडी लागली, म्हणून धातूच्या भावाचा हिशेब इथे मांडते. रुपये केव्हा पाडणे परवडते आणि केव्हा नाही, हे त्याशिवाय समजणार नाही.

रुपयात १८० पैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. औंसाचे ४८० ग्रेन धरले तर ही चांदी ०.३४४ औंस भरते. लंडनचा भाव ९२५ कसाच्या, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध असलेल्या, चांदीचा सांगितला जाई, म्हणून त्या कसात मोजले तर एका रुपयात ०.३७२ औंस चांदी येते. रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स असताना चांदी औंसाला ४३ पेन्स झाली की नाण्याची दर्शनी किंमत आणि त्यातल्या धातूची किंमत बरोबरीला येते. ४३ च्या वर भाव गेला की रुपया खर्च करण्यापेक्षा तो आटवून चांदी विकणे फायद्याचे ठरते आणि सरकारला मात्र प्रत्येक नव्या रुपयामागे पदरमोड करावी लागते.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये हीच मर्यादा ओलांडली गेली आणि सरकारला रुपयाचा दर १ शिलिंग ५ पेन्स करावा लागला. चांदीची किंमत चढतच राहिली आणि फेब्रुवारी १९२० मध्ये ती औंसाला ८९ पेन्सच्या वर पोहोचली. त्या भावाने एका रुपयातल्या चांदीचीच किंमत ३३ पेन्स होते. नाण्यांचा चलनाव्यतिरिक्त वापर करण्यास, म्हणजे ती आटवण्यास, १९१७ मध्येच बंदी घातली गेली होती. पण घरोघरी दागिने घडवणाऱ्या देशात अशी बंदी कागदावर सोपी आणि व्यवहारात अवघड असते.

याच टंचाईने आपल्याला एक रुपयाची नोट दिली. ती ३० नोव्हेंबर १९१७ रोजी निघाली आणि पाठोपाठ अडीच रुपयांचीही नोट आली. दोन आणे, चार आणे आणि आठ आणे या नाण्यांतून चांदी काढून घेऊन निकेलचा आधार घेण्यात आला. निकेलची अधेली खोट्या नाण्यांच्या सुळसुळाटामुळे फार टिकली नाही आणि चांदीची अधेली परत आणावी लागली. म्हणूनच १९२३ नंतरच्या ज्या वर्षांत रुपया मुळीच आढळत नाही त्या वर्षांतल्या चांदीच्या अधेल्या आपल्याला मिळतात.

मुंबईच्या वाचकांसाठी आणखी एक नोंद करते. चांदी अपुरी पडू लागल्यावर १९१८ साली मुंबईत सोन्याचे पंधरा रुपयांचे नाणे पाडले गेले आणि लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा म्हणून सॉव्हरिन, म्हणजे एका पौंडाचे सोन्याचे नाणेही, पाडले गेले. मुंबईत पाडलेल्या सॉव्हरिनचे साल तेवढे एकच, १९१८.

दूरदेशी

अबोलीताईंनी भावाचे गणित उत्तम मांडले आहे. मी अमेरिकेत राहतो आणि इथल्या संग्राहकांच्या मंडळात हाच विषय दुसऱ्या बाजूने ऐकायला मिळतो, म्हणून भर घालतो.

१९१८ च्या वसंतात हिंदुस्थानातला रुपयांचा साठा तळाला गेला होता आणि नोटांच्या बदल्यात रुपये मागायला लोक गर्दी करत होते. रुपये देणे थांबले असते तर नोटेवरचा विश्वास उडाला असता. ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली आणि एप्रिल १९१८ मध्ये तिथे पिटमन कायदा झाला. अमेरिकेच्या खजिन्यात पडून असलेले चांदीचे २७ कोटींहून अधिक डॉलर या कायद्याखाली वितळवले गेले आणि त्यांतली जवळजवळ २६ कोटी डॉलरची चांदी, शुद्ध औंसाला एक डॉलर या दराने, ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली गेली. आपल्याकडे १९१८ आणि त्यानंतरच्या सालांचे जे रुपये मुबलक दिसतात, त्यांतल्या पुष्कळांची चांदी त्याआधी डॉलर होती.

कोणत्या सालाचे किती डॉलर वितळवले, याची नोंद अमेरिकेत कोणी ठेवली नाही. त्यामुळे पाडलेल्या डॉलरचे आकडे असूनही उरलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि कधी कधी बाजार पूर्ण फसतो. न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीचा १९०३ सालचा डॉलर अनेक दशके अतिशय दुर्मीळ मानला जात होता, कारण पाडलेले ४४ लाखांहून अधिक डॉलर बहुतेक सगळे वितळले गेले असा समज होता. १९६२ च्या अखेरीस खजिन्यातून त्याच डॉलरच्या न उघडलेल्या थैल्या बाहेर आल्या आणि त्याची किंमत काही दिवसांत कोसळली. १९३९ च्या रुपयाच्या बाबतीत असे काही होण्याची शक्यता आहे का?

नाणेघाट

दूरदेशी, माझ्या समजुतीप्रमाणे तशी शक्यता फार कमी आहे. अमेरिकेचा खजिना चांदीचे डॉलर तारण म्हणून जपत होता, कारण त्यांच्या आधारावर चांदीची प्रमाणपत्रे चलनात होती. आपल्याकडचा खजिना चांदीचे रुपये कमी करण्याच्या मागे लागला होता, आणि ही प्रवृत्ती दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

१९२६ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगाने चलनाच्या राखीव निधीतला रुपयांचा साठा ८५ कोटींवरून दहा वर्षांत २५ कोटींवर आणावा अशी शिफारस केली, आणि पुढच्या वर्षापासून सरकार जुने रुपये वितळवून जागतिक बाजारात चांदी विकू लागले. १९३३ च्या चांदीविषयक आंतरराष्ट्रीय करारात हिंदुस्थानाने चार वर्षांत १४ कोटी औंसांपेक्षा अधिक चांदी विकू नये अशी मर्यादा घालावी लागली, यावरून विक्रीची व्याप्ती ध्यानात यावी. पाडण्याचे काम थांबलेले होते, पण आटवण्याचे काम जोरात चालू होते, आणि खजिन्यात परत आलेल्या सर्वच सालांचे रुपये त्यात गेले. १९२१ आणि १९२२ चे रुपये मुळातच थोडे असल्याने ही आटणी त्यांना अधिक जाणवली.

अबोली यांनी मांडलेल्या हिशेबाची दुसरी बाजूही इथे दिसते. १९३१ च्या आरंभी चांदी औंसाला १२ पेन्सवर आली होती आणि रुपयाचा दर तोवर १८ पेन्स झाला होता. म्हणजे रुपयातल्या चांदीची किंमत साडेचार पेन्स, दर्शनी किमतीच्या जेमतेम चौथा हिस्सा. प्रत्येक नव्या रुपयामागे सरकारला भरघोस नफा होता आणि तरीही चौदा वर्षे नवे साल घातले गेले नाही, कारण आधीच पाडलेले रुपये ठेवायला जागा पुरत नव्हती. नाणे कमी पाडण्याचे कारण दर वेळी धातूची महागाई असते असे धरून चालणाऱ्यांनी या चौदा वर्षांचा विचार अवश्य करावा.

मुशाफिर

इथे माझी एक शंका आहे. १९३८ चा रुपया सुमारे ७३ लाख ५२ हजार पाडला गेला. तोही त्याच कसाचा, त्याच राजाचा आणि जुन्या कसाचे रुपये मागे घेतले गेले तेव्हा तोही परत गेला. तरी १९३८ चा रुपया बाजारात सर्रास मिळतो. तिप्पट संख्येने एवढा फरक पडणार नाही. १९३९ चे रुपये खजिन्याबाहेर फारसे गेलेच नाहीत, असे मानल्याखेरीज हे कोडे सुटत नाही. पण मग युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी रुपयांसाठी रांगा लावल्या होत्या, त्या वेळी हे नवे रुपये का दिले गेले नाहीत?

अबोली

मुशाफिर, रांगा लागल्या हे खरे आहे आणि त्यांचे कारण १९१८ पेक्षा वेगळे होते. १९४० मध्ये लंडनला चांदी औंसाला सुमारे २३ पेन्स होती, म्हणजे रुपयातली चांदी साडेआठ पेन्सची आणि रुपयाचा दर १८ पेन्स. लंडनच्या भावाने आटवून नफा मिळण्यासारखी परिस्थिती नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांना नोटेचीच शाश्वती वाटेनाशी झाली आणि जो तो हाताला जड लागणारा रुपया मागू लागला. त्याच महिन्यात सरकारने वैयक्तिक किंवा धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त रुपये जमवणे हा गुन्हा ठरवला, पुढच्या महिन्यात एक रुपयाची नोट पुन्हा आणली आणि वर्ष संपण्यापूर्वी अर्ध्या चांदीचा रुपया बाहेर काढला. त्यात चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के होते, आणि खोटी नाणी ओळखता यावीत म्हणून कडेला मध्यभागी नक्षीची खाच दिली होती.

या गडबडीत खजिन्यांतून आधी कोणते रुपये दिले गेले असतील, याचा विचार करा. गावोगावच्या तिजोऱ्यांत पूर्वीच्या राजांचे रुपये थैल्यांत भरून होते. नवा माल मुंबईच्या टांकसाळीतून आधी मोठ्या साठ्यात जातो आणि तिथून जिल्ह्यांकडे निघतो. १९३८ च्या रुपयाला हा प्रवास करायला निदान थोडा अवधी मिळाला होता. १९३९ चे रुपये साठ्यात असतानाच अर्ध्या चांदीचा निर्णय झाला असेल, तर ते बाहेर देण्यापेक्षा मुशीत टाकून एकाचे जवळजवळ दोन करणे सरकारच्या सोयीचे होते. ही माझी अटकळ आहे; पण आकडे आणि घटनाक्रम या दोन्हींशी ती जुळते.

टांकसाळीचे अहवाल एप्रिल ते मार्च असे सरकारी वर्ष धरून असत, हेही विसरू नये. एखाद्या वर्षी पाडलेल्या सगळ्याच नाण्यांवर तेच साल असते असे नाही, कारण आधीचे ठसे चांगले असतील तर ते वापरून संपवले जात.

नाणेघाट

अबोली यांचे हे विवेचन मला पटते. त्यापुढचे टप्पेही इथे नोंदवून ठेवतो. व्हिक्टोरियाचे रुपये १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये आणि पंचम व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये १९४३ मध्ये चलनातून बाद झाले. १९४४ पासून उधार-पट्ट्याच्या, म्हणजे युद्धकाळातल्या 'लेंड-लीज'च्या, करारानुसार अमेरिकेने सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी हिंदुस्थानाला उसनी दिली, ती युद्धानंतर औंसाला औंस परत करायची होती. त्यामुळे १९४५ नंतर चांदीचा चलनी रुपया पाडलाच गेला नाही. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया निव्वळ निकेलचा आहे, आणि परत घेतलेल्या अर्ध्या चांदीच्या नाण्यांतून चांदी वेगळी करून ते कर्ज फेडले गेले.

सराफकट्टा

आमच्या पेढीवर पिढ्यान्पिढ्या बंदे रुपये मोडीला येत आले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. १९३९ चा रुपया म्हणून जे दाखवायला आणले जाते त्यातले बहुतेक १९३८ चे रुपये असतात. शेवटच्या ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढली की ९ दिसू लागतो. वजन ११.६६ ग्रॅम भरते, व्यास साडेतीस मिलिमीटर भरतो, कस उतरतो तोही खरा, कारण नाणे अस्सलच असते, खोटा असतो तो एक आकडा. म्हणून काटा आणि कसोटी इथे उपयोगी पडत नाहीत.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि नाणे दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवा. ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला पसरलेला असतो आणि न झिजलेल्या नाण्याच्या सपाट भागावर त्याच्या अतिशय बारीक, कडेकडे जाणाऱ्या रेषा दिसतात. ९ च्या खालच्या शेपटाच्या डावीकडे त्या रेषा तुटलेल्या दिसल्या, तिथली चकाकी आजूबाजूपेक्षा वेगळी असली किंवा खोलगट डाग दिसला, तर तिथे हत्यार लागले आहे असे समजावे. काही ठिकाणी दुसऱ्या नाण्यावरचा ९ कापून चिकटवलेला असतो. तिथे आकड्याच्या मुळाशी सांधा दिसतो. संपूर्ण ओतीव नकल असेल तर अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभाग बारीक छिद्रांचा असतो. आरशासारखी लखलखीत नाणी दिसली तर आणखी सावध राहावे, कारण मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींनी जुन्या ठशांवरून पुढच्या काळात संग्राहकांसाठी नाणी पाडून दिली होती. ती टांकसाळीतलीच असतात, पण चलनात कधीच नव्हती आणि त्यांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

पंचम जॉर्जच्या रुपयांबाबत टांकसाळ ओळखायची असेल तर मागच्या बाजूला अगदी खाली असलेले कमळ पाहावे. त्याच्या खाली बारीक उठावाचा ठिपका असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. १९२१ आणि १९२२ चे चलनी रुपये मुंबईचेच आहेत, त्यामुळे त्या सालांवर ठिपका नसेल तर नाणे बाजूला ठेवून कोणा जाणत्याला दाखवावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शेवटची शंका आहे. टांकसाळीचे आकडे अपुरे आणि आटणीची सालनिहाय नोंद नाही, तर कोणत्या सालचे रुपये खरोखर किती उरले हे समजायला काही मार्ग आहे का?

नाणेघाट

मार्ग आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या हातात आहे. एकाच वेळी साठवले गेलेले आणि नंतर कोणी न चाळलेले रुपये जिथे सापडतात, तिथली सालवार यादी हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो. त्या साठ्यातले सर्वांत अलीकडचे साल पाहिले की तो केव्हा बंद झाला ते कळते आणि त्या क्षणी लोकांच्या हातात कोणत्या सालांचे किती रुपये फिरत होते याचे प्रमाण काढता येते. १९४० ते १९४३ च्या दरम्यान बंद झालेल्या अशा पुरेशा साठ्यांत १९३८ चे रुपये असतील आणि १९३९ चा एकही नसेल, तर अबोली यांची अटकळ खरी ठरेल. थोडे जरी सापडले तर मुशाफिर यांची शंका पुन्हा उघडावी लागेल.

दुर्दैवाने घरातला असा साठा बहुधा वाटणीत विखुरतो किंवा लग्नकार्याच्या वेळी थेट मोडीत जातो. म्हणून ज्यांच्याकडे वडिलोपार्जित रुपये आहेत त्यांनी ते विकण्यापूर्वी किंवा वाटण्यापूर्वी राजा, साल, टांकसाळीची खूण आणि संख्या एवढी नोंद करावी. कडी लावलेले किंवा दागिन्यासाठी डाग देऊन (झाळून) जोडलेले रुपये वेगळे लिहावेत, कारण ते चलनातून आधीच बाहेर पडून दागिन्यात गेलेले असतात. किंमत, गाव आणि घराण्याचे नाव लिहू नये. त्याची गरजही नाही आणि ते सुरक्षितही नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले तर मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कृष्णाकाठ, तुमच्याकडच्या रुपयांची यादी तुम्ही याच धाग्यावर दिलीत, तर १८६२ च्या ठिपक्यांपासून आपल्याला सुरुवात करता येईल.